डीप क्लीनिंगनंतर दातांत फटी दिसताहेत. माझं काही चुकलं का?

मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४४, मधुमेह ६ वर्षांपासून. ब्रश करताना रक्त येणं दोनेक वर्षं चालूच होतं. गुलाबी चूळ दिसली की त्या बाजूला ब्रश हलकाच फिरवायचा, एवढाच माझा इलाज. (नेमकं उलटं करत होतो, हे आता कळलं.) मग एक दिवस खालचा पुढचा दात जिभेने ढकलल्यावर किंचित हलला आणि धावत डॉक्टर गाठले.

त्यांनी खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत घालून आकडे सांगायला सुरुवात केली, मदतनीस लिहून घेत होत्या. तीन, दोन, तीन... तोवर मी निवांत. दाढांपाशी पाच, पाच, सहा ऐकलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. ३ मिमीपर्यंत ठीक, पुढे पॉकेट (दात आणि हिरडीमध्ये तयार झालेला खोल कप्पा), म्हणाले. एक्स-रेत हाडही झिजलेलं. भूल देऊन दोन बैठकांत डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखाली मुळांपर्यंतची साफसफाई, झालं.

आज तीन आठवडे झाले. रक्त जवळपास थांबलंय. पण पुढच्या दातांमध्ये काळ्या त्रिकोणी फटी दिसतात, जीभ सारखी तिथेच जाते. दात लांब झाल्यासारखे वाटतात, गार पाण्याने कळ येते. घरचे म्हणतात, "सांगितलं होतं ना, साफ करून घेतले की दात ढिले होतात!" फटी खरंच त्यामुळे पडल्या का, आणि भरून येतात का? क्लीनिंगनंतर दोन महिन्यांनी पुन्हा मोजणार आहेत, तेव्हा पॉकेट राहिलं तर फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतून साफ करणं), असं म्हणालेत. ती कोणाची टळली आहे का? शिवाय क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक औषधाच्या) चुळांनी दात तपकिरी पडताहेत, ते वेगळंच.

प्रतिसाद १
फटी आधीपासूनच होत्या दादा, सूज आणि टार्टर (दातांवर साचलेला कडक थर) त्या झाकून होते. सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि मूळ उघडं पडतं, म्हणून ती कळ. माझी महिना-दीड महिन्यात कमी झाली, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरत होते. हाड मात्र आपोआप परत येत नाही, त्यामुळे फटी बऱ्याचशा राहतील. नुसती हिरडी सुजलेली असते तेव्हाच सगळं पूर्ववत होतं.

प्रतिसाद २
रोज दोन मिनिटं मिठाच्या पाण्याने चुळा भरा, सगळं बरं होईल. डॉक्टर उगाच घाबरवतात.

प्रतिसाद ३
मिठाच्या पाण्याने जरा आराम पडतो, पण ५ मिमी खोल पॉकेटमध्ये कुठलीच चूळ पोचत नाही, क्लोरहेक्सिडिनसुद्धा. ते किती दिवस घ्यायला सांगितलंय? बहुतेकदा दोनेक आठवडेच देतात. डाग वरवरचे असतात, पॉलिशने जातात. पेस्टने ब्रश केल्यावर लगेच ती चूळ घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.

आता मुद्द्याचं. फटी आहेत ना, मग फ्लॉसपेक्षा (दातांत फिरवायच्या दोऱ्यापेक्षा) इंटरडेंटल ब्रश घ्या, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच ते. एकच माप सगळीकडे चालत नाही. जाताना किंचित अडलं पाहिजे, पण जोर लावावा लागता कामा नये. पहिले काही दिवस रक्त येईल, तरी थांबू नका. माझे ६ चे आकडे यानेच खाली आले, हे माझं वैयक्तिक मत. साखर किती आहे ते लिहिलं नाहीत? ती चढी असली की हिरड्या भरत नाहीत, आणि हिरड्यांची सूज साखरही बिघडवते. सिगारेट असेल तर तीही सांगा. ओढणाऱ्यांना रक्त कमी येतं, म्हणून रोग उशिरा कळतो.

धागाकर्ता
सिगारेट नाही. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.४ होतं, लिहायची लाज वाटली खरं तर. चुळा चौथ्या आठवड्यात पोचल्या होत्या! डॉक्टरांना फोन केला, लगेच बंद करा म्हणाले.

धागाकर्ता (पाच आठवड्यांनंतर)
आज मोजलं. सहाचे चार झाले, एका दाढेमागे अजून पाच आहे. सर्जरी तूर्त नाही, दर तीन महिन्यांनी साफसफाई. त्या दाढेमागे ब्रश कसा वाकवून घालायचा ते डॉक्टरांनी आरशात दाखवलं. घरी आल्यापासून तीनदा प्रयत्न केला, दोनदा गालातच टोचला.