बाबा ७८ चे, लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) निघालाय. या वयात केमो झेपेल का?

पिंपळपान: बाबांच्या मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली, डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा आलाय, स्टेज ३. डॉक्टर आर-चॉप नावाची केमो म्हणतायत, पण फुल डोस की कमी ते पुढच्या व्हिजिटला ठरवणार. इकडे भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, या वयात केमो नको, उगाच हाल. दोन महिन्यांपूर्वी बाबा रोज फिरायला जायचे, आता शर्टाची बटणं लावताना मधे थांबतात. वय एवढं आड येतं का हो?

रात्रपाळी: मी रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात काम करते. वय मोजलं जातं, पण पाचातली एक गोष्ट म्हणून. आयपीआय नावाचा स्कोर असतो, त्यात ६० च्या वर वय, रक्तात वाढलेलं एलडीएच नावाचं एन्झाइम, स्टेज ३ किंवा ४, लिम्फ नोडच्या (ग्रंथींच्या) बाहेर एकापेक्षा जास्त जागी आजार, आणि पेशंट दिवसभर कितपत हिंडूफिरू शकतो, असं धरतात. म्हातारपणी शेवटचं फार बोलकं असतं. स्वतः अंघोळ करतात का, गोळ्या आपल्या आपण घेतात का, वजन किती उतरलं, रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन किती, हार्ट, किडनी, शुगर कशी, हे सगळं बघून पेशंट फिट की फ्रेल, म्हणजे खंगलेला, ते ठरतं. ७८ चा धडधाकट माणूस ६८ च्या खंगलेल्यापेक्षा केमो बरी सोसतो, हे रोज बघते. आणि हा आजार भराभर वाढतो, नुसतं थांबून राहिलं तर हाल जास्तच होतात, हे पाहुण्यांना सांगा.

जुनी_छत्री: आई ८१ ची होती तेव्हा, तिला आर-मिनी-चॉप दिलं, म्हणजे आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब (‘आर’ ते हेच) पूर्ण आणि बाकीची केमो साधारण निम्मी. त्याआधी आठवडाभर नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, मला वाटलं उगाच वेळ घालवतायत, पण चौथ्या दिवशी बाई स्वतः उठून पलंगाची चादर नीट करायला लागली!! तेव्हा कळलं की अर्धा अशक्तपणा वयाचा नव्हताच, आजाराचा होता. आता तीन वर्षं झाली. त्रास झालाच, त्यातल्या व्हिन्क्रिस्टिन औषधाने बद्धकोष्ठ आणि पायाला मुंग्या.

रात्रपाळी: त्याला प्रीफेज म्हणतात, पहिल्या सायकलचा तडाखा त्याने कमी बसतो. फक्त बायोप्सी आधी व्हायला हवी, नाहीतर स्टिरॉइडने गाठी विरघळतात आणि रिपोर्टच धड येत नाही, तुमची झालीच आहे. टूडी इको आणि हिपॅटायटिस बी ची टेस्ट झाली का? आर-चॉपमधलं डॉक्सोरुबिसिन हार्टवर येतं, आणि रिटुक्सिमॅबने जुना हिपॅटायटिस उठू शकतो. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या जीसीएसएफ इंजेक्शनचंही विचारा, म्हाताऱ्यांचा जीव बऱ्याचदा इन्फेक्शनमुळेच धोक्यात येतो. ताप १०० च्या वर गेला की सकाळ व्हायची वाट बघू नका.

तिरपं_उत्तर: मिनी सरसकट मागू नका हां. आर-मिनी-चॉपचा अभ्यास ८० च्या वरच्यांवर होता. ६० ते ८० वाल्यांत फुल आर-चॉपने रिटुक्सिमॅब नसलेल्या नुसत्या चॉपपेक्षा जास्त लोक जगले, हे २००२ सालीच दाखवलंय. झेपत असेल तर उगाच डोस कापणं पण महागात पडतं.

पिंपळपान: थँक्यू सगळ्यांना. हिपॅटायटिस निगेटिव्ह आहे, इको सोमवारी. वजन सहा किलो उतरलंय, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, आत्ता वहीत लिहिलं. बाबांनाच विचारलं काय करायचं, तर म्हणाले घेऊ की, विचारायला इतके दिवस का लावलेस.