हिमोफिलिया: मोजकी मोठी केंद्रं की औषध घरात?

रानजाई:
हिमोफिलिया म्हणजे ओरखडा आला की माणूस रक्त वाहून जातो, हा समज आधी बाजूला ठेवू. रक्त गोठवणारा एक घटक कमी असतो, ए प्रकारात फॅक्टर ८, बी प्रकारात ९. पातळी १ टक्क्याच्या खाली गेली की आजार तीव्र. खरा घात होतो तो सांध्यात आतल्या आत रक्त साचून. माझं मत: देशाने मोजकी पण भक्कम केंद्रं उभारावीत. रक्तविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, प्रयोगशाळा एकाच ठिकाणी. अमेरिकेत १९७५ पासून अशा केंद्रांना सरकारी निधी मिळतो. तिथे उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४० टक्क्यांनी कमी आढळला.

टेकाडेभाऊ:
साफ असहमत. गुडघ्यात रक्त रात्री दोनला उतरतं, केंद्र सकाळी उघडतं! माझ्या मुलाला सूज दिसायच्या आधी गुडघ्यात मुंग्या येतात. तेव्हाच कमी असलेला फॅक्टर शिरेतून टोचला तर दुसऱ्या दिवशी शाळा. एकदा एका इस्पितळात 'आधी एक्स-रे काढू' म्हणत तीन तास बसवलं, तोवर गुडघा टम्म. आता औषध फ्रीजमध्ये असतं. कुपी जोरात हलवायची नाही, हळूहळू गोल फिरवायची. शीर बायको शोधते. आम्हाला औषध द्या, इमारती नकोत.

रानजाई:
वहिनींना शीर शोधायला शिकवलं कुणी?

टेकाडेभाऊ:
केंद्रातल्या नर्सने, कबूल. पण शिकवून झालं ना? मग साठा घरी द्या.

खडूस:
नोंदवहीचं काय? ब्रिटनमध्ये १९६८ पासून या रुग्णांची राष्ट्रीय नोंद आहे. १९८०च्या आसपास दूषित प्लाझ्मापासून बनलेल्या औषधांतून हजारोंना एचआयव्ही झाला. कुठली बॅच कुणाला गेली हे घरोघरच्या फ्रीजमधून कसं शोधणार? शिवाय तीव्र ए प्रकारात सुमारे ३० टक्के जणांत इनहिबिटर, म्हणजे टोचलेल्या फॅक्टरलाच निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार होतात, मग फॅक्टर टोचूनही उपयोग होत नाही. ते घरी कळतं का?

टेकाडेभाऊ:
वही आम्हीही भरतो हो, तारीख, बॅच, सगळं. आणि आता ए साठी एमिसिझुमॅब आहे, फॅक्टर ८ चं काम करणारं औषध. कातडीखाली टोचायचं, काहींना चार आठवड्यांतून एकदा. शिरेची कटकटच संपली, केंद्र कशाला?

रानजाई:
मुलगा डोक्यावर पडला तर? मोठ्या रक्तस्रावाला फॅक्टर तरीही लागतो. आणि त्या औषधावर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी नेहमीची एपीटीटी चाचणी फसवी येते. रिपोर्ट नॉर्मल बघून साधा डॉक्टर घरी पाठवेल.

टेकाडेभाऊ:
चाचणीचं हे ठाऊक नव्हतं. आमचं पुढच्या महिन्यात तेच सुरू होतंय. नर्सला उद्याच फोन लावतो. साठा मात्र घरीच हवा!