सॉकेटवरून येणाऱ्या ओळी मध्येच तुटतात, वजन चुकीचं नोंदवलं जातं

प्रश्न (कळमना, नागपूर):
धर्मकाट्याचा संगणक टीसीपी सॉकेटवरून (नेटवर्क जोडणीतून) दर गाडीमागे एक ओळ पाठवतो: गाडी क्रमांक, माल, किलोत वजन. पायथनमध्ये एका वेळी १०२४ बाइट वाचून लगेच यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) डीकोड करतो, म्हणजे बाइटांची अक्षरं करतो, आणि स्प्लिटलाइन्सने ओळी पाडतो. गर्दी झाली की ‘संत्रा,८४६०’ चं ‘संत्रा,८४’ होतं आणि ‘६०’ वेगळी ओळ म्हणून येते. कधी डीकोडच एरर देतो. १०२४ चे ४०९६ केले तर भागेल का?

उत्तर:
नाही भाऊ. चूक कमी वेळा दिसेल, म्हणजे सापडायला आणखी अवघड. टीसीपी हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. समोरून एकदा पाठवलेलं एकाच वाचनात येईल असं नाही. अर्धी ओळ येईल, अडीच येतील.

प्रत्येक कनेक्शनला एक बाइट-बफर (आलेले बाइट साठवायची जागा) ठेवा. आलेलं त्याच्या शेवटी जोडा. १० हा बाइट, म्हणजे न्यूलाइन, सापडत राहील तोवर तिथे ओळी कापत राहा. उरलेला तुकडा बफरमध्येच राहू द्या. ओळीच्या शेवटी १३ हा बाइट (कॅरेज रिटर्न) असेल तर काढा, विंडोजची बरीच सॉफ्टवेअर १३-१० अशी जोडी पाठवतात. डीकोड पूर्ण ओळीवरच. ‘संत्रा’ यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट होतो. वाचन १७ व्या बाइटवर थांबलं की एरर आलाच. स्प्लिटलाइन्स इथे नको, शेवटचा तुकडा पूर्ण की अर्धा हे ते सांगत नाही.

न्यूलाइन न येता बफर ४ केबीच्या वर गेला तर कनेक्शन तोडा, नाहीतर मेमरी भरत जाईल.

दुसरं उत्तर:
हे यूटीएफ-८ पुरतं बरोबर. त्यात देवनागरी अक्षराचा कुठलाही बाइट १२८ च्या खाली नसतो, म्हणून अक्षराच्या पोटात १० सापडत नाही. यूटीएफ-१६ मध्ये मात्र ‘ऊ’ चे बाइट ९ आणि १० आहेत. मालात ‘ऊस’ आला की ओळ तिथेच तुटेल! तसं असेल तर आधी इन्क्रिमेंटल डीकोडर (अर्धवट अक्षराचे बाइट पुढच्या वाचनापर्यंत धरून ठेवणारा), मग ओळी.

प्रश्नकर्ता:
यूटीएफ-८ च आहे. कनेक्शन तुटलं तेव्हा बफरमध्ये उरलेल्याचं काय करायचं?

उत्तर:
फाइल असती तर शेवटची ओळ न्यूलाइनशिवायही धरली असती. इथे धरू नका. ‘८४’ हे खरंच ८४ की ८४६० चं तोंड, हे न्यूलाइनशिवाय कळत नाही. तुकडा लॉगमध्ये टाका आणि ती नोंद काट्याकडून पुन्हा मागवा.