कॉलेज फुटबॉलचे वयस्कर कोच वेळेवर का थांबत नाहीत?

आयोवाकर:
नमस्कार मंडळी. मुलगी आयोवा सिटीत शिकते. तिच्यामुळे किनिक स्टेडियमला जायला लागलो आणि अमेरिकन फुटबॉलचं वेडच लागलं. इथल्या आयोवा विद्यापीठाच्या संघाचे कोच कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून आहेत, वय सत्तरीचं. माणूस मला मनापासून आवडतो. पण २०२२ मध्ये आयोवाचं आक्रमण, म्हणजे चेंडू पुढे नेणारी बाजू, देशातल्या १३१ संघांत १३०वं होतं, आणि ते सांभाळत होता त्यांचाच मुलगा ब्रायन. शेजारच्या बाप-लेकात यावरून रोज वाजतं. बाप म्हणतो, ज्याने संघ उभा केला त्याने कधी जायचं ते त्यानेच ठरवावं. मुलगा म्हणतो, आता पुरे. असं आधी कुणी जवळून पाहिलंय का? सगळं मिळवून झाल्यावरही ही माणसं थांबत का नाहीत?

टॅलीवाला:
दादा, मी पाहिलंय. २००९ मध्ये मी टॅलाहासीत, फ्लोरिडा स्टेटला एम.एस. करत होतो. तिथले कोच बॉबी बाउडन यांचा तो शेवटचा हंगाम.

ते १९७६ ला आले तेव्हा संघाने आधीच्या तीन हंगामांत मिळून चार सामने जिंकले होते. त्याच संघाला त्यांनी १९८७ ते २००० सलग चौदा वर्षं देशातल्या पहिल्या पाचांत ठेवलं. १९९३ आणि १९९९ ला अजिंक्यपद. त्या गावात त्यांचं काय स्थान होतं, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

आणि मग उतरण. आक्रमणाचे प्रशिक्षक मार्क रिक्ट २००० नंतर जॉर्जियाला गेले, त्यांची जागा बाउडन यांनी मुलाला, जेफला दिली. २००६ ला त्याला राजीनामा द्यावा लागला. २००७ च्या डिसेंबरात जिम्बो फिशर यांना वारस म्हणून जाहीर केलं, पण बाउडन होतेच. एका म्यानात दोन तलवारी. खेळाडूंनी ऐकायचं कुणाचं? ऑक्टोबर २००९ मध्ये विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी वर्तमानपत्राजवळ उघड सांगितलं की हा शेवटचा हंगाम ठरावा. मला फार लागलं ते. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला पेपरातून कशाला सांगायचं? घरी जाऊन सांगा ना! त्यांना अजून एक वर्ष हवं होतं, ते मिळालं नाही. शेवटचा सामना गेटर बोल (हंगामाअखेरच्या खास सामन्यांना ‘बोल’ म्हणतात), समोर वेस्ट व्हर्जिनिया, म्हणजे त्यांचाच जुना संघ. ३३–२१ ने जिंकले.

का थांबत नाहीत, याचं उत्तर बरंचसं बेअर ब्रायंटमध्ये आहे. अलाबामा विद्यापीठाचे कोच ब्रायंट २९ डिसेंबर १९८२ ला शेवटचा सामना खेळवून निवृत्त झाले आणि २६ जानेवारीला गेले. बाउडन मूळचे अलाबामा राज्यातलेच. ब्रायंटचं उदाहरण ते बोलून दाखवायचे, पेन स्टेट विद्यापीठाचे कोच जो पटर्नोसुद्धा. निवृत्तीनंतर मरणच उरतं, ही भीती खरी होती.

पण माझा जीव तुटतो तो मुलांसाठी. कोचला चौतीस वर्षं मिळाली. अठराव्या वर्षी आलेल्या पोराला मैदानावर चारच हंगाम मिळतात. कुणाची तरी शेवटची वर्षं गोड व्हावीत म्हणून ते खर्ची घालायचे का?

पेनस्टेटची_मेधा:
टॅलीवाला, अगदी पटलं. पण दुसरी बाजूही बघ. पटर्नो यांचे २००० ते २००४ या पाचांतल्या चार हंगामांत विजयांपेक्षा पराभवच जास्त होते. २००४ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष खरंच त्यांच्या घरी गेले, आता थांबा म्हणून सांगायला. पटर्नो यांनी साफ नाही म्हटलं. पुढच्याच हंगामात ११ विजय, १ हार, आणि ऑरेंज बोलमध्ये हरवलं कुणाला? बाउडन यांनाच, २६–२३, तीन जादा डावांनंतर! त्या दिवशी सगळे म्हणाले, म्हातारा बरोबर होता.

माझ्या मते तिथेच घात झाला. नंतर त्यांना कुणीच काही सांगू धजेना. २०११ मध्ये माजी सहायक जेरी सँडस्की याचे मुलांवरचे लैंगिक अत्याचार उघड झाले, तेव्हा शेहेचाळीस हंगाम केलेल्या माणसाला मंडळाने फोनवरून काढलं. जानेवारी २०१२ मध्ये ते वारले.

जुनाखेळाडू:
सरसकट वय काढू नका. ॲमॉस अलोंझो स्टॅग यांना शिकागो विद्यापीठाने सत्तरीत सक्तीने निवृत्त केलं. ते कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ पॅसिफिकला गेले आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशातले सर्वोत्तम कोच ठरले.

टॅलीवाला:
काका, मान्य. म्हणून मी वय धरतच नाही. अलाबामाचे कोच निक सबान २०२४ च्या जानेवारीत ७२ व्या वर्षी थांबले. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक मला फार महत्त्वाचं वाटतं: येणाऱ्या मुलांना आणि नव्या सहायकांना पुढच्या काही वर्षांची खात्री हवी असते, आणि ती प्रामाणिकपणे देता येत नव्हती. भरतीच्या वेळी कोच पोराच्या घरी जातो, आईसमोर बसून शब्द देतो. तो शब्द देता येतो का, एवढंच बघायचं.

आयोवाकर:
सबान यांचं हे माहीत नव्हतं. शेजारी शनिवारी सामन्याला सोबत आहेत. बापालाच विचारतो: यंदा येणाऱ्या पोराला फेरेन्ट्झ चार वर्षांचा शब्द देतील का? काय म्हणतात ते इथे लिहितो.