मदत हवी आहे: विंडोज ९८ म्हणतंय मेमरी अपुरी, कसं शक्य आहे?

रामबाग_इंदूर
जुन्या गेम्ससाठी दमदार मशीन बांधतोय. ९८ आणि एक्सपी दोन्ही एकाच मशीनवर हवेत. चार दिवस झाले, ९८ बसत नाहीये. फाइल कॉपी होतात, पहिल्या रीस्टार्टला काळ्या स्क्रीनवर येतं की विंडोज सुरू करायला मेमरी अपुरी आहे, मेमरीत बसलेले प्रोग्रॅम बंद करा. मी एकही प्रोग्रॅम टाकलेला नाही! सीडी बदलली, डिस्क तीनदा फॉरमॅट केली. दादा शनिवारी पुण्याहून येतोय, त्याच्या आधी चालू व्हायलाच हवं. लवकर सांगा प्लीज.

जुना_पेचकस
बोर्ड कोणता? प्रोसेसर, रॅम, कार्ड? ९८ पहिलं की सेकंड एडिशन?

रामबाग_इंदूर
सेकंड एडिशन. पी फोर (पेंटियम ४ प्रोसेसर) आहे. रॅम कमी असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तर विचारतोय.

एक्सपीप्रेमी
९८ चा नाद सोड भाऊ. इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीचा आय सेव्हन ३७७० प्रोसेसर आणि जीटीएक्स ९६० ग्राफिक्स कार्ड घे. दोन्हींना एक्सपीचे अधिकृत ड्रायव्हर आहेत. मी हेच बांधलंय, २००५-०७ चे सगळे गेम सगळं फुल ठेवून पळतात. फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सटा, म्हणजे डिस्कची जोडणी, जुन्या आयडीई मोडवर ठेव, नाहीतर एक्सपीचा सेटअप ७बी एररची निळी स्क्रीन दाखवतो.

जुना_पेचकस
त्याने ९८ विचारलंय. जीटीएक्स ९६० ला ९८ चा ड्रायव्हर कुठून आणणार? एनव्हिडियाचे अधिकृत ९८ ड्रायव्हर जीफोर्स ६ मालिकेपाशी संपतात, ८१.९८ आवृत्तीवर.

एक्सपीप्रेमी
९८ चे बहुतेक गेम एक्सपीवर चालतात. उगाच दोन संसार कशाला?

जुना_पेचकस
बहुतेक, सगळे नाहीत. थेट डॉसमध्ये साउंड कार्डाशी बोलणारे गेम एक्सपीवर अनेकदा मुके होतात. रामबाग, रॅमचा आकडा सांग बाबा.

बडोदेकर_मावशी
अरे, एवढी खटपट कशाला? माझ्या मुलाने लॅपटॉपवर ८६बॉक्स (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून दिलंय, त्यात ९८ सुरेख चालतं. धूळ नाही, पंख्याचा आवाज नाही.

जुना_पेचकस
मावशी, पत्ते आणि लहान गेमसाठी ते छानच आहे. पण त्यात पेंटियम टूच्या वेगाला पोचायलाही आजचा चांगला प्रोसेसर लागतो. याला पी फोर आणि जीफोर्सचा वेग हवाय, तो तिथे मिळणार नाही.

रामबाग_इंदूर
सगळं एकदाच लिहितो. पी फोर ३.० गिगाहर्ट्झ, ८६५ चिपसेटचा बोर्ड, चार स्लॉटमध्ये ५१२ च्या चार पट्ट्या म्हणजे २ जीबी, जीफोर्स ६६०० एजीपी ग्राफिक्स कार्ड, १६० जीबीची आयडीई डिस्क. रॅम आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून घेतली. दुकानदार म्हणाला जितकी जास्त तितकं चांगलं, म्हणून चारही घेतल्या.

जुना_पेचकस
सापडलं. रॅम जास्त आहे, म्हणून अडतंय. ९८ ची डिस्क कॅश, व्हीकॅश, रॅमच्या प्रमाणात मेमरीच्या पत्त्यांची (अ‍ॅड्रेसची) जागा अडवते. ५१२ एमबीच्या वर गेलं की सिस्टिमच्या वाट्याची जागा संपते आणि 'मेमरी अपुरी' येतं. एजीपी अपर्चर (ग्राफिक्स कार्डासाठी राखलेली जागा) हेही त्याच जागेतून घेतं. आता हे कर: तीन पट्ट्या काढ, एकच ठेव, बायोसमध्ये अपर्चर ६४ कर आणि सेटअप पुन्हा चालव. बसलं की विंडोजच्या सिस्टिम डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हीकॅशच्या खाली मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ लिही (इंग्रजीत, सलग). मग दुसरी पट्टी लाव.

एक्सपीप्रेमी
त्याच फाइलमध्ये ३८६ईएनएचखाली मॅक्सफिजपेज=४०००० पण लिहायला सांगा. तो आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) असतो, म्हणजे बरोबर १ जीबी. मग ९८ त्याच्या वरच्या रॅमकडे बघतच नाही आणि एक्सपीला चारही पट्ट्या मिळतात.

जुना_पेचकस
हे बरोबर. पण माझ्याकडे चार पट्ट्या ठेवल्या की ९८ अधूनमधून लटकायचं. मी १ जीबीवर थांबलो. त्या काळच्या एक्सपी गेमना तेवढी पुरते.

सराफ्याचा_शेजारी
विषय थोडा वेगळा, पण इंदुरात चालू सीआरटी (जुना काचेच्या नळीचा) मॉनिटर कुठे मिळेल? सिल्व्हर मॉलमध्ये विचारलं तर एलसीडी घ्या म्हणतात. ६४० बाय ४८० चं चित्र एलसीडीवर पसरट आणि धुरकट दिसतं, बघवत नाही.

बडोदेकर_मावशी
आमच्याकडे माळ्यावर आहे एक, पण बडोद्याहून तो जड डबा आणणार कोण?

जुना_पेचकस
रामबाग, डिस्कचं राहिलं. ९८ चा मूळ ड्रायव्हर १३७ जीबीच्या पलीकडचं ओळखत नाही. तिथे लिहायला गेला तर डिस्कच्या सुरुवातीचा डेटा पुसला जातो, माझा गेला आहे. सुरुवातीचा २० जीबीचा भाग फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट कर, त्यावर आधी ९८ टाक. उरलेल्या जागेत एक्सपी, एनटीएफएस पद्धतीच्या फॉरमॅटवर. ९८ ला एनटीएफएस दिसत नाही, म्हणून तो तिकडे फिरकत नाही. एवढ्या मोठ्या डिस्कसाठी एक्सपीची सीडी किमान सर्व्हिस पॅक १ ची असू दे. आणि बोर्डावरचे कपॅसिटर बघ. डोकी फुगली असतील तर मशीन चालवू नकोस.

रामबाग_इंदूर
चालू झालं!! एका पट्टीवर पहिल्याच फटक्यात डेस्कटॉप आला. ओळी लिहिल्या, दुसरी पट्टीही चालली. कपॅसिटर सपाट आहेत. पेचकस काका, खूप खूप आभार. आता पेन ड्राइव्ह ओळखत नाहीये, ड्रायव्हर टाकू कसे? आणि आवाज अजिबात नाही.

जुना_पेचकस
९८ मध्ये पेन ड्राइव्हचा सरसकट ड्रायव्हर नसतो. सगळं सीडीवर लिहून घे. आवाजासाठी पीसीआयचं ऑडिजी २ झेडएस मिळालं तर बघ, ९८ आणि एक्सपी दोन्हीत चालतं आणि ईएएक्स (गेममधले आवाजाचे इफेक्ट) मिळतं. तोवर बोर्डावरच्या साउंड चिपचं नाव वाचून सांग.

रामबाग_इंदूर
चिपवर धूळ आहे, पुसून बघतो. एक्सपी रात्री टाकतो.