पाझर तलाव गळतो म्हणजे तो धोक्यात आहे का?

वैरागची लेक
«सोलापूरजवळचा एकरूखचा तलाव इंग्रजांनी १८७१ मध्ये मातीनेच पुरा केला आणि तो आजही उभा आहे, मग बहात्तरच्या दुष्काळातल्या तलावांची भीती घालणाऱ्यांना नेमके काय हवे आहे?» असे ‘विहीरवाला’ यांनी काल लिहिले. ते वाचून मला राहवले नाही, कारण माझे माहेर अशाच एका तलावाखाली आहे. भरावाच्या पायथ्यापासून दहा-बारा पावलांवर पूर्वी नुसती ओल असायची आणि तिथे लव्हाळा उगवायचा. यंदा उत्तरा नक्षत्राच्या पावसानंतर त्याच जागी मनगटाएवढी धार लागली आहे. ते पाणी मी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ओट्यावर ठेवले, तर सकाळी तळाशी काळ्या मातीचा जाड थर बसला होता. पाणी निवळ असते तर मी एवढी घाबरले नसते. परंतु गढूळ पाणी येते याचा अर्थ भरावाच्या पोटातली माती बाहेर चालली आहे. माथ्यावर वेडी बाभूळ माजली आहे, आणि जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्यावर कोणीतरी दोन फूट दगडमाती रचून ठेवली आहे.

विहीरवाला
ताई, पाझर तलाव पाझरण्यासाठीच बांधतात. त्याच्या पाझरावर माझी विहीर मार्चपर्यंत तग धरते. माझ्या आजीने दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्या भरावावर मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत, त्यामुळे तो किती मजबूत आहे हे मला कोणी शिकवू नये. तक्रार केली की काय होते तेही मी पाहिले आहे. शेजारच्या शिवारातला तलाव धोकादायक ठरवून सांडवा खोदला, पाणी सोडून दिले आणि दुरुस्तीचा प्रस्ताव चार वर्षे पडून राहिला. तिथल्या लोकांनी द्राक्षबागा स्वतःच्या हाताने तोडल्या. आपल्या जिल्ह्यात माणसे पाण्याने कमी आणि पाण्यावाचून जास्त मेली आहेत.

निवृत्त शाखा अभियंता
दोन गोष्टींची गल्लत होते आहे. पाझर तलावाचे पाणी तळातून मुरून खालच्या विहिरींना जावे, अशी त्याची रचना असते. ते भरावातून वाट काढू लागले तर त्याला पाझर नव्हे, गळती म्हणतात. एकरूखची तुलनाही गैरलागू आहे. एकरूखसारख्या १५ मीटरपेक्षा उंच धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने बंधनकारक आहे, तर १० मीटरपेक्षा कमी उंचीचा आपला तलाव त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवरे धरणाखालच्या लोकांनीही गळतीबद्दल आधी तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटले आणि पुढे खेकड्यांना दोष देण्यात आला.

हिरवा माळ
सगळे मान्य केले तरी बाभळीवर राग का? ओसाड माळावर तेवढीच सावली आहे. मुळे माती धरून ठेवतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. झाडे तोडा म्हणणाऱ्यांनी आधी उन्हाळ्यात त्या भरावावर अर्धा तास उभे राहून दाखवावे.

निवृत्त शाखा अभियंता
उतारावरची माती गवत धरून ठेवते, तेवढे पुरे आहे. बाभळीचे मूळ ओलाव्याच्या शोधात थेट गाभ्यापर्यंत जाते, आणि झाड वाळले की त्या मुळाच्या जागी नळीसारखी पोकळी उरते. म्हणून मोठे झाड नुसते कापूनही भागत नाही. मुळे उपटून तो खड्डा थराथराने माती ठोकून भरावा लागतो. आम्ही नोकरीत असताना रोप हातभर असतानाच काढायचो. पुढे त्या कामाला मजूर मिळणे बंद झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

हिरवा माळ
मग घुशींची बिळेही मोजा आणि भराव चिरून टाकलेले पाइपही मोजा. माथ्यावर चर खोदून किती जणांनी पाइप पलीकडे नेले, हे गावात कोणाला ठाऊक नाही? त्यातला एक पाइप ‘विहीरवाला’ यांचाच आहे. झाड बोलत नाही, म्हणून सगळे खापर त्याच्यावर फोडले जाते.

विहीरवाला
माझ्या घरापर्यंत येण्याचे कारण नव्हते. २०१९ च्या उन्हाळ्यात टँकर तीन-तीन दिवस येत नव्हता, तेव्हा जनावरांसाठी मी तो पाइप टाकला. तुम्ही तेव्हा पुण्यात होता.

वैरागची लेक
पाइप कोणी का टाकला हा प्रश्नच नाही, भाऊ. चरातली माती नीट ठोकली नसेल तर पाणी पाइपाच्या कडेकडेने वाट काढते, आणि ती धार नेमकी तुमच्या पाइपाच्या रेषेतच आहे. खाली अकरा घरे आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये झाला तसा पाऊस पुन्हा एका रात्रीत झाला आणि उंचावलेल्या सांडव्यामुळे पाणी भरावाच्या माथ्यावरून वाहिले, तर मातीचा भराव काही तासही धरणार नाही.

विहीरवाला
आज संध्याकाळी जाऊन पाहिले. धार पाइपाच्या रेषेतच आहे, हे खरे आहे. तरीही तलाव रिकामा करण्याला माझा विरोध कायम राहील. सांडव्यावरचे दगड उद्या सकाळी आम्ही दोघे भाऊ काढतो, त्याने पाणी दोन फूट उतरेल. पाइपही काढतो, पण चर कसा भरायचा हे साहेबांनी स्वतः उभे राहून सांगावे.

निवृत्त शाखा अभियंता
पाणी उतरेपर्यंत पाइपाला हात लावू नका. भरल्या तलावात भराव उकरणे सर्वांत घातक असते. धारेच्या तोंडावर मातीही लोटू नका. तोंड बुजवले तर पाणी दुसरीकडून फुटते. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर मोठे दगड असे थर द्या, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. हा तात्पुरता उपाय आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेला लेखी कळवून पोच घ्याच. मी सात वाजता येतो.

वैरागची लेक
बरणी घेऊन मीही येते. रोज सकाळी त्याच जागचे पाणी भरून तारीख लिहून ठेवणार आहे.