वेब डिझाइन शिकताना सुरुवातीला कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत?

नौपाडेकर:
नमस्कार. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर मी वेब डिझाइन शिकायचे ठरवले असून सरावासाठी आईच्या घरगुती फराळाच्या व्यवसायाचे मराठी संकेतस्थळ तयार करणार आहे. ठाणे स्थानकाजवळच्या एका क्लासमध्ये चौकशी केली असता, ड्रीमवीव्हर (वेब पाने तयार करण्याचे सॉफ्टवेअर) व फोटोशॉप (छायाचित्रे सुधारण्याचे सॉफ्टवेअर) यांचे सदस्यत्व आधी घ्यावे लागेल, असे सांगण्यात आले. माझ्या जुन्या विंडोज लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आहे. हा खर्च आवश्यक आहे का?

ऐरोलीकर:
मुळीच नाही. मॅक्रोमीडियाने १९९७ साली ड्रीमवीव्हर आणले तेव्हा कोड न लिहिता पान मांडता येणे ही मोठी सोय होती. परंतु अशा साधनाने तयार केलेले पान मोबाइलवर विस्कटले, तर ते का विस्कटले हे समजण्यासाठी एचटीएमएल (पानाची रचना सांगणारी भाषा) व सीएसएस (रंग, अंतरे व मांडणी ठरवणारी भाषा) शेवटी शिकावेच लागते, मग ते आधीच का शिकू नये? कोड लिहिण्यासाठी व्हीएस कोड विनामूल्य आहे. आपल्या लॅपटॉपवर ते जड वाटल्यास नोटपॅड प्लस प्लस घ्यावे, सुरुवातीला तेवढे पुरते. जुन्या व्हिडिओंमध्ये ब्रॅकेट्स व ॲटम या कोड लिहिण्याच्या साधनांची शिफारस आढळेल. ॲडोबीने २०२१ मध्ये ब्रॅकेट्सचा आधार काढून घेतला आणि ॲटम २०२२ च्या डिसेंबरात बंद झाले, तेव्हा त्यांच्या मागे लागू नये.

खरे साधन मात्र ब्राउझरमध्येच असते. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबल्यावर कोणत्याही पानाची रचना उघडून पाहता येते, रंग व अंतरे बदलून परिणाम लगेच तपासता येतो आणि तेच पान मोबाइलच्या रुंदीत कसे दिसते तेही कळते. आपले बहुतेक ग्राहक व्हॉट्सॲपवरच्या दुव्यावरूनच येणार, म्हणून ही तपासणी रोज करावी.

वाशीकर:
वरील मताशी सहमत आहे. फक्त कोडआधी मांडणी ठरवावी. त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारे फिग्मा विनामूल्य वापरता येते, तरी पहिल्या पानाला कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे. फोटोशॉपऐवजी फोटोपी किंवा गिम्प चालेल. चकलीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र कित्येक एमबीचे असते; ते आहे तसे पानावर न टाकता स्क्वूश या ब्राउझरमधील साधनाने लहान करून घ्यावे.

खारघरकर:
मराठी पानाबाबत थोडे अधिक लिहितो, कारण इंग्रजी धड्यांमध्ये हे सहसा येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच (सर्व लिप्यांसाठीच्या समान संगणकीय संकेतांत) टंकित करावा. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फाँटमधील पदार्थांची यादी थेट चिकटवली तर पानावर निरर्थक अक्षरे दिसतात. पानाची संकेतप्रणाली यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) ठेवावी आणि भाषा मराठी असल्याची नोंद एचटीएमएलमध्ये करावी, कारण काही फाँट त्यावरूनच ल आणि श यांची मराठी वळणे निवडतात. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा फाँट गूगल फाँट्सवर विनामूल्य मिळतो. वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे ओळींतील अंतर रोमन मजकुरापेक्षा जास्त लागते. मी ते अक्षराच्या आकाराच्या १.६ पट ठेवतो.

नौपाडेकर:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. तयार झालेले पान गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर विनामूल्य ठेवले तर चालेल का?

ऐरोलीकर:
सरावाचे पान अवश्य ठेवावे. मात्र ऑनलाइन व्यवसाय चालवण्यासाठी ती सेवा वापरण्यास गिटहबच्या नियमांत परवानगी नाही, म्हणून प्रत्यक्ष ऑर्डर घेण्याची वेळ आल्यावर स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि साधे सशुल्क होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा) घ्यावे; क्लासने सांगितलेल्या सदस्यत्वापेक्षा तो खर्च अधिक सार्थकी लागेल.